२८० मीटर पटतात, बंड का पटत नाही?

प्रेक्षकाचा न्याय मोठा अजब असतो. रोजच्या मालिकेत दरीत कोसळलेला नायक वर्षभराने नवा चेहरा घेऊन परतला, तरी तो फार तर हसतो आणि चहाचा पुढचा घोट घेतो. पण त्याच मालिकेतली वकील असलेली सून कागद न वाचता सही करते, तेव्हा तो टीव्हीवर डाफरतो, "असं कुणी करतं का?"

दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीवरच्या दोन जर्मन कलाकृती शेजारी ठेवल्या की हा न्याय जवळून तपासता येतो. दोन्हींचं नाव एकच, 'दास बोट'. पहिली वोल्फगांग पीटरसनची. १९८१मध्ये ती चित्रपट म्हणून आली, पण निर्मितीत जर्मन दूरचित्रवाणी केंद्रांचाही पैसा होता. त्यामुळे त्याच चित्रीकरणातून पुढे सुमारे पाच तासांची मालिका तयार झाली. बीबीसीने ती १९८४मध्ये सहा भागांत दाखवली, जर्मनीत १९८५मध्ये ती तीन भागांत आली. दुसरी 'दास बोट' ही स्काय वाहिनीवर २०१८मध्ये सुरू झालेली आणि चार पर्वं चाललेली नवी मालिका.

पहिलीत जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत जखमी झालेली पाणबुडी बुडत जाते. खोली दाखवणाऱ्या तबकडीवरचे आकडे २६०ला संपतात, तरी ती खाली जातच राहते आणि २८० मीटरवर तळाला टेकते. कित्येक तासांच्या दुरुस्तीनंतर ती पुन्हा वर येते. पदार्थविज्ञानाच्या हिशेबात हे जेमतेम शक्य. दुसरीत कॅप्टन क्लाउस होफमानला त्याचेच अधिकारी भर समुद्रात एका छोट्या नावेत बसवतात आणि पाणबुडी घेऊन निघून जातात. यात निसर्गनियमाला कुठे धक्का लागत नाही, चार माणसांनी ठरवलं की झालं. तरीही २८० मीटर श्वास रोखून मान्य करणारा प्रेक्षक या प्रसंगाला चुळबुळतो. असं का व्हावं?

उधारीचं खातं

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात हा प्रश्न हाताळला होता. घडू शकेल पण पटणार नाही अशा घटनेपेक्षा घडणं अशक्य पण पटण्याजोगी घटना कवीने निवडावी, असं त्याचं मत. म्हणजे शक्य असणं आणि पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही ठाऊक होतं. पटणं तयार कसं होतं, हा पुढचा प्रश्न.

त्यासाठी गल्लीतल्या वाण्याची वही आठवावी. नवं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी पाच हजारांचं सामान उधार मागायला लागलं तर वाणी मान हलवतो. तेच गिऱ्हाईक महिनोन्‌महिने साखर, तेल, काडेपेटीचे पैसे वेळेवर चुकवत असेल, तर दिवाळीला मोठी उधारी मिळते. गोष्ट सांगणाराही प्रेक्षकाकडे असंच खातं उघडतो. छोटे तपशील चोख ठेवले, म्हणजे कुठल्या चाकाला कोण हात लावतो, आज्ञा कोण देतो, ती पुन्हा कोण उच्चारतो, की खात्यात पत जमा होते. मग एखाद्या मोठ्या प्रसंगाला ती वापरता येते.

पीटरसनने २८० मीटरांची उधारी एकदम मागितलेली नाही. मोहिमेच्या सुरुवातीलाच कॅप्टन चाचणी म्हणून खोल बुडी मारतो. पोलाद कुरकुरतं, नवख्यांचे चेहरे उतरतात, जुने खलाशी मात्र शांत असतात. पुढे विनाशिका मागे लागल्यावर याहून खोल जावं लागतं आणि बोल्ट गोळीसारखे उडतात. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर जिब्राल्टरचा प्रसंग येतो. तोवर तबकडीचा काटा वाचायला प्रेक्षक शिकलेला असतो.

यात आणखी एक मेख आहे. समुद्राखाली २८० मीटरवर काय होतं याचा अनुभव कुठल्याच प्रेक्षकाला नसतो. तो तबकडीवर आणि खलाशांच्या चेहऱ्यांवर विसंबतो. पण वरिष्ठाचा राग येणं, कुरबुर करणं, संगनमत करणं, घाबरून गप्प बसणं, यातलं सगळं त्याने घरात, कचेरीत, सोसायटीच्या बैठकीत पाहिलेलं असतं. यंत्राबद्दल तो ऐकून घेतो, माणसांबद्दल मात्र तो स्वतःलाच जाणकार समजतो. म्हणून बंडाची उधारी सर्वांत महाग पडते.

नळकांड्याचे नियम

पाणबुडीवरच्या कथेला एक आयती सोय असते. तिच्यातले नियम लेखकाला शोधावे लागत नाहीत, पोलादच ते घालून देतं.

पहिल्या कथेतली यू-९६ आणि दुसरीतली यू-६१२ या दोन्ही 'सात-सी' वर्गातल्या. जर्मन नौदलाने अटलांटिकच्या लढाईत सर्वांत जास्त वापरला तो हाच वर्ग. माणसं राहत ते दाब सोसणारं नळकांडं मधोमध सुमारे ४.७ मीटर व्यासाचं होतं आणि त्याच्या पोलादाची जाडी १८.५ मिलिमीटर. त्यात पन्नासेक माणसं, १४ टॉर्पेडो, दोन डिझेल इंजिनं, विजेच्या मोटरी आणि फळ्यांखाली बॅटऱ्या. एकाची पाळी सुरू झाली की त्याच्या ऊबदार बिछान्यात दुसरा शिरे. शौचालयं दोन, पण मोहिमेच्या सुरुवातीला त्यातल्या एकात खाण्याचे जिन्नस कोंबलेले असत.

सिनेमात पाणबुडी माशासारखी सतत पाण्याखाली फिरताना दिसते. त्या काळातली पाणबुडी मात्र गरज पडल्यास बुडी मारणारं जहाज होती. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते पृष्ठभागावरच चालवायचं. पाण्याखाली बॅटरी. वर १७ नॉटपेक्षा जास्त वेग, खाली साडेसातच्या आसपास, आणि तोही थोडाच वेळ. चार नॉटच्या चालीने सुमारे ८० सागरी मैल कापले की बॅटरी रिकामी, म्हणजे वीस तासांत वर येणं भाग. व्यापारी जहाजांचे ताफेसुद्धा सात ते नऊ नॉटने जात. बुडी मारलेल्या पाणबुडीला त्यांचा पाठलाग करणंही जड जाई. म्हणूनच तिचे बरेच हल्ले रात्रीच्या अंधारात, पृष्ठभागावरून होत.

जागा आणि हवेनंतर तिसरा नियम दाबाचा. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. २०० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २० किलो भार. २८० मीटरवर २८ किलो. या वर्गाच्या पाणबुड्या साधारण २५० ते २९५ मीटरच्या दरम्यान चेपल्या जातील असा हिशेब होता. त्यामुळे २८० हा आकडा अशक्याच्या पलीकडचा नाही, अगदी उंबरठ्यावरचा आहे. त्याला इतिहासाचा आधारही मिळतो. २५ नोव्हेंबर १९४१ला भूमध्य समुद्रात ब्रिटिश युद्धनौका 'बारहॅम' बुडवल्यावर यू-३३१ या पाणबुडीचा तोल गेला आणि ती सुमारे २६५ मीटरपर्यंत घसरली. खोलीचं माप चुकीचं दिसत होतं, त्यामुळे आपण किती खाली आलो हे आतल्यांना काही वेळ कळलंच नाही. ती सुखरूप परतली.

या नियमांतून कथेला पेच आपोआप मिळतात. पळायचं तर वेग नाही. लपायचं तर हवा आणि वीज संपत चाललेली. आणखी खोल जायचं तर पोलाद साथ देईलच असं नाही. खलनायक न दाखवताही दार तिन्ही बाजूंनी बंद होतं.

पन्नास सेकंदांचा हिशेब

पाणबुडीच्या प्रत्येक मालिकेत येणारा प्रसंग म्हणजे डेप्थ चार्जचा मारा. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी भरलेलं पिंप. ठरावीक खोलीवर पाण्याचा दाब पोचला की ते फुटतं. ब्रिटिश विनाशिका ज्या साध्या प्रकारची पिंपं टाकत, त्यात सुमारे १३० किलो स्फोटक असे आणि ती सेकंदाला जेमतेम तीन मीटर या गतीने बुडत.

आता आत बसलेल्या माणसाच्या बाजूने गणित मांडून पाहू. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. म्हणजे पिंप पाण्यात पडल्याचा आवाज १५० मीटरवरच्या पाणबुडीला तत्काळ ऐकू येतो, पण ते पिंप तिथवर पोचायला ५० सेकंद लागतात. चार नॉटने जाणारी पाणबुडी तेवढ्या वेळात सुमारे १०० मीटर सरकू शकते. कवच फोडण्यासाठी पिंप अगदी काही मीटरांवर फुटावं लागे, त्यामुळे हे १०० मीटर म्हणजे जगणं-मरणं. डावीकडे की उजवीकडे, हे कॅप्टनने याच वेळात ठरवायचं.

वरच्या विनाशिकेची अडचण वेगळी. ती अ‍ॅस्डिक, म्हणजे आजच्या सोनारचा पूर्वज, वापरे. हे यंत्र समोर ध्वनीचा झोत टाकतं आणि परत आलेल्या पडसादावरून अंतर सांगतं. पण झोत पुढे जातो आणि पिंपं टाकायची मागून. जहाज अगदी जवळ आलं की पाणबुडी झोताच्या खाली निसटते आणि शेवटच्या टप्प्यात विनाशिका आंधळी होते. स्फोट झाल्यावर पाणी इतकं ढवळून निघतं की काही वेळ कुणालाच काही ऐकू येत नाही. त्या गोंगाटात पाणबुडी पंप सुरू करून आत शिरलेलं पाणी बाहेर टाकते, वेग वाढवते, आणि शांतता झाली की पुन्हा मुकी होते.

चांगली पटकथा हा खेळ प्रेक्षकाला शिकवते. पहिल्या हल्ल्यात कानाला यंत्र लावलेला खलाशी काय कुजबुजतो हे दाखवायचं, दुसऱ्यात कॅप्टन त्याच्या कुजबुजीवर कशी दिशा बदलतो ते, आणि तिसऱ्यात काहीच न सांगता नुसता 'टिंग' असा आवाज द्यायचा. एवढ्यात प्रेक्षक मनातल्या मनात सेकंद मोजू लागतो.

जाणकार प्रेक्षकाला खटकणाऱ्या जागाही याच हिशेबातून निघतात. पिंप पडलं आणि दोन सेकंदांत स्फोट झाला, की गणित कोसळलं. १९४२पासून ब्रिटिशांकडे 'हेजहॉग' हे नवं शस्त्र येऊ लागलं होतं. ते जहाजाच्या पुढे २४ लहान बॉम्ब फेकत असे आणि ते पाणबुडीला आदळले तरच फुटत. त्यामुळे पन्नास सेकंदांची ती जुनी सवड आणि नेम चुकल्यावरही होणारा गोंगाट, दोन्ही कमी झाले. कथा १९४१ची की १९४३ची, यावरून लपाछपीचे नियम बदलतात.

चौकट : 'सात-सी' पाणबुडी आणि तिच्यातून निघणारे पेच

• लांबी ६७ मीटर, माणसं ४४ ते ५२. एकांत नाही, म्हणून कुठलंच गुपित फार काळ टिकत नाही.
• टॉर्पेडोच्या नळ्या पाच, चार पुढे आणि एक मागे. नेम धरायला आख्खी पाणबुडी वळवावी लागते.
• पाण्याखाली चार नॉटने सुमारे ८० सागरी मैल. प्रत्येक बुडीला शेवटची मुदत असते.
• पृष्ठभागावर १० नॉटने ८,५०० सागरी मैल. मोहीम आठवडेच्या आठवडे चालते आणि त्यातला बराच काळ कंटाळ्याचा.
• तातडीची बुडी सुमारे ३० सेकंदांत. वर पहाऱ्याला असलेल्यांना तेवढ्यात आत उड्या माराव्या लागतात.

भिंतीबाहेर न जाणारा कॅमेरा

नियम आयते मिळाले तरी ते प्रेक्षकाला कुठून दाखवायचे, हे दिग्दर्शकाने ठरवायचं असतं. पीटरसनच्या चमूने म्युनिकच्या बव्हेरिया स्टुडिओत पाणबुडीचा आतला भाग मूळ मापात उभारला आणि तो हलत्या यंत्रणेवर बसवला. छायाचित्रकार योस्ट वाकानो याने तोल सांभाळणारी यंत्रणा जोडलेला हातातला कॅमेरा घेऊन त्या अरुंद वाटेतून, गोल दारांतून अक्षरशः धाव घेतली. सोयीसाठी भिंत काढून लांबून दृश्य टिपायची सवय त्याने टाळली. माणसाला जिथे उभं राहता येत नाही, तिथे कॅमेराही बहुधा उभा राहत नाही.

याचा परिणाम फक्त घुसमटीपुरता नाही. वरची विनाशिका हल्ल्याच्या वेळी क्वचितच दिसते, ती ऐकू येते. खलाशांना जेवढं कळतं तेवढंच प्रेक्षकाला. तिकडे शत्रूचा कॅप्टन काय विचार करतोय हे दाखवलं असतं, तर त्याच्या प्रत्येक निर्णयाचं कारण द्यावं लागलं असतं. इथे तो प्रश्नच उरत नाही.

मूळ कादंबरी लोथार-ग्युंथर बूखहाइमची, १९७३ची. तो १९४१च्या शरद ऋतूत युद्धवार्ताहर म्हणून खऱ्या यू-९६वर गेला होता. चित्रपटातला लेफ्टनंट वेर्नर हा त्याचाच प्रतिनिधी. पाणबुडीवर नवखा माणूस आणणं ही जुनी युक्ती आहे, पण तिचं काम मोठं असतं. जुने खलाशी एकमेकांना 'ही झडप कशासाठी' असं सांगत बसणार नाहीत, ते खोटं वाटेल. नवखा विचारू शकतो, चुकू शकतो, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाची शिकवणीही होते.

चित्रीकरण बव्हंशी कथेच्या क्रमाने झालं, त्यामुळे नटांच्या दाढ्या आणि चेहऱ्याचा फिकटपणा मोहिमेबरोबर वाढत गेला. सुरुवातीला छतापासून लोंबणारे पाव आणि मांस पुढे कमी होतात, त्यांच्यावर बुरशी येते. याकडे कुणी मुद्दाम बोट दाखवत नाही, पण काळ गेल्याचं डोळ्यांना कळतं. योहान या यंत्रप्रमुखाचंही तसंच. माऱ्याच्या वेळी त्याची मनःस्थिती ढासळते, तो जागा सोडून धावत सुटतो, कॅप्टन पिस्तूल आणायला वळतो. पुढे २८० मीटरवर गळती बुजवण्यासाठी हाच योहान पाण्यात उतरतो. आधीच्या लाजेचं कारण प्रेक्षकाने पाहिलेलं असल्यामुळे नंतरचं धाडस चिकटवलेलं वाटत नाही.

इतिहासातून घेतलेली सूट

चित्रपटाच्या शेवटी पाणबुडी ला रोशेल बंदरात परतते, हवाई हल्ला होतो, ती बुडते आणि ती बुडताना पाहत कॅप्टन मरतो. प्रत्यक्षात यातलं काहीच झालं नाही. ३० नोव्हेंबर १९४१ला ब्रिटिश 'स्वोर्डफिश' विमानाच्या हल्ल्यात यू-९६चं नुकसान झालं, ती जिब्राल्टर न ओलांडता सेंट नाझेरला परतली आणि नंतर बराच काळ सेवेत राहिली. मार्च १९४५मध्ये विल्हेल्म्सहाफेन इथे अमेरिकी बॉम्बफेकीत ती बुडाली. तिचा कॅप्टन हाइनरिश लेमान-विलेनब्रोक युद्धातून वाचला, पुढे ओटो हान या अणुशक्तीवर चालणाऱ्या मालवाहू जहाजाचा कप्तान झाला आणि 'दास बोट'च्या चित्रीकरणाला त्याने सल्लाही दिला.

म्हणजे ज्याला पडद्यावर मारलं तोच माणूस शेजारी उभा राहून दोरी कशी बांधायची ते सांगत होता! तरी शेवट खोटा वाटत नाही. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० माणसांपैकी ३०,००० परतले नाहीत, हे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. एका बोटीचा इतिहास बदलून त्याने बहुसंख्य बोटींचा इतिहास सांगितला. बूखहाइमला मात्र चित्रपट रुचला नाही. थरारावरचा भर आणि माऱ्याच्या वेळचा आरडाओरडा त्याला खटकला. खऱ्या पाणबुडीवर माणसं अशी किंचाळत नसत, ही त्याची तक्रार तो स्वतः तिथे असल्यामुळे दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सूट कुठे महागात पडते याचं उदाहरण २०००च्या 'यू-५७१' या हॉलिवुडपटात आहे. त्यात अमेरिकी नौसैनिक जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा हे सांकेतिक यंत्र हस्तगत करतात. खरी कामगिरी ब्रिटिश विनाशिका 'बुलडॉग'ची. तिच्या खलाशांनी ९ मे १९४१ला यू-११०वर चढून यंत्र आणि संकेतपुस्तकं मिळवली, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. चित्रपटावरून ब्रिटिश संसदेत प्रश्न आला आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही हा त्या खलाशांचा अपमान असल्याचं मान्य केलं. लेमान-विलेनब्रोकला पडद्यावर मारल्याने कुणाचं श्रेय हिरावलं गेलं नव्हतं. इथे ते हिरावलं गेलं.

जमिनीवर उतरलेली मालिका

२०१८च्या मालिकेचं काम याहून अवघड होतं. पहिल्याच पर्वात आठ भाग, प्रत्येकाच्या शेवटी पुढचा भाग पाहायला लावणारं काहीतरी हवं. एकाच नळकांड्यात आठ तास काढायचे तर कंटाळ्यालाही नाट्य करावं लागेल. निर्मात्यांनी वेगळी वाट घेतली. काळ १९४२चा आणि धागे दोन. एक समुद्रात, यू-६१२वर. दुसरा ला रोशेलमध्ये, जिथे भाषांतरकार म्हणून आलेली सिमोन श्ट्रासर, गेस्टापोचा अधिकारी हागेन फोर्स्टर आणि फ्रेंच प्रतिकार चळवळीबरोबर काम करणारी कार्ला मन्रो एकमेकांभोवती फिरतात. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषा, स्त्रीपात्रांना जागा, आणि व्यापलेल्या गावाचा तणाव. जुन्या कथेत स्त्रिया जवळपास नव्हत्याच, हे लक्षात घेता ही निवड समजण्यासारखी आहे.

पण जमिनीवर पाऊल ठेवताच पोलादाने दिलेले नियम सुटतात. गावात माणूस दार उघडून जाऊ शकतो, गल्ली बदलू शकतो, खोटं बोलून निसटू शकतो. मग प्रत्येक प्रसंगी 'हा पळत का नाही?', 'हिला पकडत का नाहीत?' या प्रश्नांची उत्तरं लेखकाने स्वतः रचायची. सिमोन गावात येते आणि तिचा भाऊ फ्रँक नेमका यू-६१२वर रेडिओ ऑपरेटर म्हणून रवाना होतो. त्याच्या गुप्त व्यवहाराचं ओझं बहिणीवर पडतं. हा योगायोग आहे, पण तो चालतो, कारण त्याने संकट उभं राहतं. योगायोगाने पात्र अडचणीत आलं तर प्रेक्षक सहज स्वीकारतो, योगायोगाने सुटलं तर नाही.

दोन धाग्यांमुळे प्रेक्षकाचं ज्ञानही बदलतं. बहिणीवर काय बेततंय हे भावाला ठाऊक नाही, पण प्रेक्षकाला आहे. जुन्या कथेतला ताण 'वर काय चाललंय' या अज्ञानाचा होता, नव्या मालिकेतला ताण जास्त माहिती असण्याचा आहे. अशा वेळी पात्राने केलेली चूक प्रेक्षकाला पटकन मूर्खपणा वाटते, कारण त्याच्या हातात दोन्ही बाजूंचे पत्ते असतात.

समुद्रातला मुख्य पेच म्हणजे कैद्यांची अदलाबदल. एका अमेरिकी माणसाच्या बदल्यात शत्रूच्या ताब्यातला जर्मन पाणबुडी-कॅप्टन व्रांगेल परत घ्यायचा, आणि तोही गुप्तपणे, भर समुद्रात. त्या काळात खऱ्या अदलाबदली तटस्थ देशांच्या मध्यस्थीने, दिवे लावून फिरणाऱ्या 'ड्रोटनिंगहोल्म'सारख्या स्वीडिश जहाजांतून, लिस्बन किंवा गोटेनबर्गसारख्या बंदरांत होत. पाणबुडीचं बळ लपण्यात असतं, तिने शत्रूला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भेटणं हे तिच्या स्वभावाविरुद्ध. ही उधारी मालिका लवकर मागते, खातं पुरतं भरण्याआधी. लगेच पुढे बंड येतं.

गंमत म्हणजे बोटीचा क्रमांक निवडताना मालिकेला मोकळं रान मिळालं होतं. खरी यू-६१२ ऑगस्ट १९४२मध्ये बाल्टिक समुद्रात सरावाच्या वेळी यू-४४४शी धडकून बुडाली. पुढे तिला वर काढून प्रशिक्षणासाठी वापरलं गेलं. लढाईच्या मोहिमेवर ती कधी गेलीच नाही, त्यामुळे तिच्या नावावर काहीही रचलं तरी कुठल्या खऱ्या मोहिमेशी ते भांडत नाही. मालिका अडखळते ती माणसांपाशी.

खरं, पण न पटणारं

इतिहासात घडलेल्या काही गोष्टी पटकथेत लिहिल्या असत्या तर निर्मात्याने फाडून टाकल्या असत्या. १४ एप्रिल १९४५ला स्कॉटलंडजवळ यू-१२०६ गमवावी लागली ती शौचालयामुळे. खोल पाण्यातही वापरता येणाऱ्या त्या नव्या यंत्रणेच्या झडपा चुकीच्या क्रमाने हाताळल्या गेल्या, समुद्राचं पाणी आत शिरलं, खालच्या बॅटऱ्यांना लागलं आणि विषारी क्लोरीन वायू तयार झाला. पाणबुडीला वर यावं लागलं, विमानांनी तिला गाठलं आणि शेवटी खलाशांनीच ती बुडवली.

गोव्यातली एक घटनाही याच जातीची. मार्मागोवा तेव्हा तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात होतं. तिथे नांगरलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर दिली जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. सैन्य पाठवलं तर तटस्थतेचा भंग. म्हणून मार्च १९४३मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले, पोट सुटलेले मध्यमवयीन व्यापारी आणि कंपन्यांचे अधिकारी 'फिबी' नावाच्या संथ तराफ्यासारख्या बोटीतून आले आणि रात्री त्या जहाजावर चढले. त्यावर १९८०मध्ये 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट निघाला, त्याचं चित्रीकरणही गोव्यात झालं. त्यातले वयस्क नट पाहून कुणाला निर्मात्याची काटकसर वाटेल, पण खरे शिलेदारही तसेच होते.

अशा घटना पडद्यावर आणताना काय करावं, याचा चांगला नमुना दूरचित्रवाणीवरच आहे. १२ सप्टेंबर १९४२ला यू-१५६चा कॅप्टन वेर्नर हार्टेनश्टाइन याने आफ्रिकेच्या पश्चिमेला 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं. त्यावर इटलीचे, म्हणजे जर्मनीच्या मित्रराष्ट्राचे, सुमारे १,८०० युद्धकैदी आहेत हे नंतर कळलं. तेव्हा त्याने बुडणाऱ्यांना, शत्रूंसकट, वाचवायला सुरुवात केली. उघड इंग्रजीत रेडिओवरून मदत मागितली, डेकवर रेडक्रॉसचं निशाण पसरलं. १६ सप्टेंबरला अमेरिकी विमानाने त्याच्यावर बॉम्ब टाकले, आणि मग जर्मन पाणबुडीप्रमुख ड्यॉनिट्झ याने अशी सुटका यापुढे करू नये असा हुकूम काढला. अ‍ॅलन ब्लीझडेल याने लिहिलेली, २०११मध्ये बीबीसीवर आलेली दोन भागांची 'द सिंकिंग ऑफ द लॅकोनिया' याच घटनेवर आहे. त्यात जहाजावरच्या प्रवाशांना आणि पाणबुडीवरच्या माणसांना आधी पुरेसा वेळ दिला जातो. त्यामुळे टॉर्पेडो सोडणाराच दोर फेकतो, तेव्हा तो देवमाणूस वाटत नाही. खलाशी म्हणून वाढलेला माणूस बुडणारा पाहून जे करेल तेच तो करतो.

बंड पटवायचं तर

अधिकाऱ्यांनी कॅप्टनला नावेत सोडून दिल्याची नोंद त्या युद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या इतिहासात सापडत नाही. पण कॅप्टन आणि अधिकारी यांच्यातला विखार किती जाऊ शकतो, याचे दोन खरे दाखले आहेत.

यू-१५४चा कॅप्टन ओस्कार कुश याने बोटीवरचं हिटलरचं चित्र हटवायला लावलं, तो परदेशी रेडिओ ऐके, युद्ध हरणार असं बोलून दाखवे. त्याचा प्रथम अधिकारी उलरिश आबेल कट्टर नाझी. पण आबेलने बोटीवर बंड केलं नाही. तो बंदरात परतला, पुढची नेमणूक घेतली आणि जानेवारी १९४४मध्ये लेखी तक्रार केली. कुशला मृत्युदंड झाला, १२ मे १९४४ला कीलमध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी काही दिवस आबेल स्वतःच्या बोटीसह समुद्रात नाहीसा झाला होता. हा योगायोग पटकथेत असता तर प्रेक्षकाने नक्की नाक मुरडलं असतं.

दुसरा दाखला यू-५०५चा. २४ ऑक्टोबर १९४३ला डेप्थ चार्जचा मारा चालू असताना तिचा कॅप्टन पेटर चेख याने सर्वांदेखत स्वतःवर गोळी झाडली. प्रथम अधिकारी पाउल मायर याने सूत्रं हाती घेतली, मारा चुकवला आणि बोट बंदरात आणली. तीच यू-५०५ पुढे अमेरिकेने पकडली आणि आज ती शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात पाहता येते.

दोन्ही घटनांत सारखी दिसते ती यंत्रणेची घट्ट पकड. कट्टर अधिकारीसुद्धा समुद्रावर साखळी तोडत नाही, तो कागदाचा रस्ता धरतो. कॅप्टन मेल्यावरसुद्धा हुकमाची साखळी एका क्षणात पुन्हा जोडली जाते. कारण सरळ आहे. पन्नास सेकंदांच्या त्या हिशेबात हुकूम कुणाचा यावर वाद झाला, तर पन्नासही माणसं मरतात. टेनश्टेट या प्रथम अधिकाऱ्याला होफमानविरुद्ध उभं करताना मालिकेने स्वभावाची तयारी केलेली आहे. नामांकित बापाचा मुलगा म्हणून बोट मिळालेला सावध कॅप्टन आणि त्याच्या सावधपणाला भ्याडपणा समजणारा आक्रमक अधिकारी, हे भांडण पहिल्या भागापासून दिसतं. राहून जातं ते उरलेल्या चाळीसेक खलाशांचं. टॉर्पेडोच्या खोलीतला, इंजिनाजवळचा, स्वयंपाक करणारा, यातला कोण कुणाच्या बाजूला आणि का, परतल्यावर बंदरात काय सांगायचं, लॉगबुकात काय लिहायचं, नावेतला माणूस जिवंत सापडला तर फाशी कुणाला, हे प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात यायला हवेत, आणि त्यांना आठ तासांतला बराच मोठा वाटा द्यायला हवा. मालिकेने तो वेळ ला रोशेलच्या गल्ल्यांना दिला. दुसऱ्या पर्वात होफमान थेट न्यूयॉर्कमध्ये दिसतो, आणि तिसरा धागा सुरू झाल्यावर समुद्रातल्या नळकांड्याच्या वाट्याला येणारे तास आणखी कमी होतात.